रिकाम्या गोठ्यांची यादवी

तात्यासाहेबांनी आमच्या गावाला फसवलं. ज्या माणसानं दुष्काळात आमच्या गावाचे बैल गुपचूप विकत घेतले, त्याच माणसानं गावाच्या दोन्ही अंगांना जाऊन सांगितलं की समोरच्यांनी बैल हलवलेत, म्हणजे ते तुमची घरं जाळायच्या तयारीत आहेत. गुरांच्या बाजारात कुणी पहिल्या वाक्यात भाव सांगत नाही आणि मी आयुष्यभर तिथंच उभा राहिलो. पण हा सौदा नाही, ही तक्रार आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. तात्यासाहेबांचं आडनाव मी लिहीत नाही. आमच्या भागातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला कळून उपयोग नाही.

आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या अगदी काठावर. जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून उस्मानाबादच बसलेलं होतं आणि कचेरीत काम निघालं की माणसं आधी चुकीच्या एसटीत चढायची. गावातून तासभर चाललं की लोह्याकडचा, नांदेड जिल्ह्याचा मुलूख लागतो. मधून वाहणाऱ्या ओढ्यानं गावाचे दोन तुकडे केलेले. अलीकडं लिंगायत आणि मराठे, देऊळ, दुकानं, पंचायतीची खोली. पलीकडं मुसलमान आणि धनगर, मशीद, विटांची भट्टी. आणि ओढ्याच्या उतारावर, पूर आला की सगळ्यांत आधी भिजणारी, ती आमची बौद्धांची घरं. माझी माय म्हणायची, “आपुन ना अलीकडचे ना पलीकडचे. आपुन वल्ल्यातले.” हे ती भर दुष्काळातही म्हणायची, जेव्हा ओढ्यात ओल म्हणून उरली नव्हती.

भांडणं गावात होती, नव्हती असं मी म्हणणार नाही. बांधाची होती, मिरवणुकीच्या वाटेची होती, चिंचेच्या झाडाची तर तीन पिढ्यांची होती. निजामाच्या शेवटच्या दिवसांत आधी अलीकडच्यांनी बायका-पोरं घेऊन रानात लपून दिवस काढले होते आणि त्यानंतर पलीकडच्यांनी. म्हाताऱ्यांना ते आठवायचं, पण ते कुणी उकरून काढत नव्हतं. अलीकडचे थोर म्हणजे गुरप्पाअण्णा, लिंगायत, मोठे शेतकरी, एक किराणा दुकान. पलीकडचे थोर महेबूबचाचा, त्यांचीही बागायत-जिरायत मिळून चांगली जमीन. अण्णांच्या लेकीच्या लग्नात वऱ्हाड आणायला चाचांच्या बैलगाड्या गेल्या होत्या आणि त्या गाड्यांच्या बैलांना झुली अण्णांनी दिल्या होत्या. हल्ली मी संध्याकाळी टीव्हीवर बघतो, कुठल्या कुठल्या देशांत एकाच मुलखाची माणसं एकमेकांना कापत सुटलेली. समोर बसलेले विद्वान कारणं सांगतात, धर्म, भाषा, जमीन, गरिबी. मी ऐकतो आणि मनात म्हणतो, हे सगळं आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या होतं हो. त्यावर कुणी काठी उचलली नव्हती. काठी ज्यानं उचलायला लावली त्याचं बोला.

आमच्या घरात माय आणि मी, दोघंच. बाप अण्णांच्या शेतात सालगडी होता, मी लहान असताना गेला. त्याच्याकडून मला मिळालं ते बैलांशी बोलणं आणि नाकाच्या शेंड्यावरचा राग. जमीन नव्हती. मी दुसऱ्यांची गुरं हाकत बाजारात जायला लागलो, कधी लोह्याला, कधी चाकूरला, कधी हाळीला. दातांवरून वय आणि चालीवरून खोड ओळखायला शिकलो, आणि विशी गाठायच्या आत स्वतःच्या बळावर दलाली करू लागलो. दलाल हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात. दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास नसतो तेव्हा मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. त्याला दलाल म्हणतात. ज्यांना ही शिवी वाटते त्यांनी एकदा विश्वासाशिवाय बैल विकून बघावा.

आमच्याकडं गुरांचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. किती बोटं धरली, कितव्या पेरावर दाबलं, सगळा हिशेब त्यात. मूठ मिटलेली राहिली म्हणजे काही नाही. भोवती बाजार उभा असला तरी कोण किती उतरला, कोण किती चढला हे कुणाला कळत नाही. रुमाल काढायचा आणि एकच शब्द म्हणायचा, “झाला!” कुणाची मान खाली जात नाही. आणखीही एक गोष्ट त्या रुमालाखाली व्हायची. अलीकडचे जे लोक माझ्या हातचं पाणी पीत नव्हते, ते रुमालाखाली माझी बोटं घट्ट धरून असायचे. शिवाशीव सगळी उन्हात होती. रुमालाच्या सावलीत नव्हती.

त्या साली पाऊस आलाच नाही. सलग दुसरं वर्ष. विहिरींच्या तळाला पोरं विटीदांडू खेळायची. दिवसाआड एक टँकर यायचा आणि कोरड्या ओढ्याच्या मधोमध उभा राहायचा, म्हणजे कुणाला लांब पडू नये. आणि तिथंच दोन्ही अंगांच्या घागरी एकमेकींवर आदळायच्या. माय बहुतेक दिवस हुलग्याचं माडगं करायची, पातळ, वरून ठेचलेला लसूण आणि तिखट. ते ओरपताना घाम फुटायचा आणि पोट भरल्यासारखं वाटायचं. तिनं कधी कुरकुर केली नाही, पण माडग्यात पळी फिरवताना ती चुलीशी बोलायची, आणि चूल जे काही उत्तर द्यायची त्यावर हसायची.

चारा संपला तेव्हा अण्णा माझ्याकडं आले. म्हणजे घरी नाही आले. मी बाजाराला निघालो असताना वेशीबाहेर बाभळीखाली उभे होते. अण्णांची लाल कंधारी जातीची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली. त्यातल्या एकाला ते लाल्या म्हणायचे आणि त्याला स्वतःच्या हातानं भाकर चारायचे.

“गौतम,” ते म्हणाले, “तुझ्या बापानं आमच्या घरचं मीठ खाल्लंय. ह्ये कुणाला कळू देऊ नको.”

“दलालाचं तोंड शिवलेलं असतं अण्णा.”

“पाहुण्याकडं चारायला धाडलेत म्हणून सांगीन मी.”

“सांगा की,” मी म्हणालो, आणि त्यांनी इकडंतिकडं बघून माझ्या हातात हात दिला.

आमच्या भागात जोडी विकणं म्हणजे घराचं दार विकण्यासारखं. माणूस उपाशी राहील, पण गोठा रिकामा झालेला शेजाऱ्याला कळू देणार नाही. त्याच आठवड्यात चाचा आले, त्यांच्या देवणी बैलांसाठी. तेच बोलणं, तीच शपथ, तोच पाहुणा. मग दोन्हीकडची घरं एकामागून एक. सगळ्यांचे पाहुणे एकाएकी मोठे चारावाले निघाले. जनावरं नेताना कुणी बघू नये म्हणून मी भल्या पहाटे ओढ्याच्या पात्रातून न्यायचो. घेणारा एकच होता, नागू हेडी, गुरांचा फिरता व्यापारी. तो घासाघीस फार करायचा नाही आणि एकही जनावर सोडायचा नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. घेणारा घासाघीस करत नसेल तर माल त्याचा नसतो, तो दुसऱ्या कुणाच्या तरी पैशानं घेत असतो.

एका सकाळी माय अण्णांच्या वाड्यावरून शेण आणायला गेली ती पाटी रिकामीच घेऊन परत आली आणि उंबऱ्यावर बसून हसायला लागली. “अरं, अक्का गोठ्यात उभी राहून घुंगरमाळ हालवलाली! बैल न्हाईत, दावणीला नुसती माळ. मला बघितलं तर म्हणती, गंज चढंल म्हणून हालवलाले.”

“मग?”

“मग काय? पितळंला कवा गंज चढतोय व्हय?” आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. अक्का म्हणजे अण्णांची बायको. गल्लीला कळू नये म्हणून ती रोज उजाडताना घुंगरं वाजवत होती.

आता हेच सगळं पलीकडच्या अंगानं बघा. ओढ्याच्या त्या काठावरून काय दिसतं? अलीकडचे बैल गेलेत. कुठं गेले म्हणून विचारलं तर सगळे एकच उत्तर देतात आणि नजर चुकवतात. पहाटे अंधुक उजेडात जनावरं हलतात. लेकुरवाळ्या बाया माहेरी गेल्यात. त्या पाण्यासाठी गेल्या होत्या, पण हे कोण सांगणार? शिवाय रोजगार हमीच्या कामावर फोडलेल्या दगडांचे ढीग गावाच्या तोंडाशी पडलेले. अलीकडून बघितलं तरी नेमकं हेच दिसत होतं. पलीकडंही बैल नव्हते, बाया नव्हत्या, आणि दगड होते. आमच्याकडं जुन्या लोकांच्या डोक्यात एक पक्कं बसलेलं होतं. जाळपोळ करणारा माणूस आधी आपलं जनावर सुरक्षित जागी नेतो, कारण आग लागली की कडबा पेटतो आणि दावणीचा बैल सुटू शकत नाही. त्या जुन्या धामधुमीत लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्या दिवसांत तात्यासाहेबांची जीप गावात वारंवार यायला लागली. ते शेजारच्या गावचे, नदीकाठची जमीन, विहिरीला पाणी. नव्या जिल्ह्यात नव्या खुर्च्या मांडल्या जाणार होत्या आणि त्यांना एक हवी होती. अण्णांच्या ओट्यावर ते बोलत होते तेव्हा मी खाली उभा होतो. आवाज मधासारखा. “अण्णा, मी काही म्हणत नाही. पण पलीकडचे गोठे बघा. माणूस आधी जनावर कवा हलवतो, ते तुम्हा जुन्या माणसांना मी काय सांगावं? काही झालं तर मी हाय.”

दोन दिवसांनी चाचांच्या अंगणात बसलो होतो. चाचा बिडी विझवत म्हणाले, “बेटा, खरं सांग. अण्णा काय करून राहिले? तात्यासाहेब आले व्हते. म्हणले, चाचा, मी काही म्हणत न्हाई, पण अलीकडचे गोठे बघा.”

वाक्य तेच, फक्त नाव बदललेलं. तरीही माझ्या डोक्यात वाईट आलं नाही. मला वाटलं, तात्यासाहेबांना खरी गोष्ट माहीत नसेल, त्यांना सांगितलं तर ते दोघांनाही समजावतील. तोवर दोन्हीकडच्या पोरांनी काठ्यांना तेल लावलं होतं. पुढच्या टँकरला बघून घेऊ, अशी भाषा सुरू झाली होती. मी सायकल काढली आणि तात्यासाहेबांच्या मळ्यावर गेलो.

मळ्याच्या फाटकातून आत शिरलो आणि जागीच थांबलो. लांबलचक गोठा, हिरवी वैरण, आणि दावणीला आमचं गाव. लाल्या उभा होता, त्याचा फाटका कान मी कुठंही ओळखला असता. त्याच्या शेजारी चाचांचे देवणी. दोघं एकाच गव्हाणीतून वैरण खात होते. त्यापुढं आणखी, आणखी. जे जे मी पहाटे ओढ्यातून नेलं होतं ते सगळं. नागू हेडी कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होता. मला बघून त्यानं मान फिरवली.

तात्यासाहेबांनी मला चहा दिला, वेगळ्या कपात, कट्ट्यावर. “बोल गौतम.”

“तुम्हाला ठावं व्हतं,” मी म्हणालो. “बैल कुठं हाईत त्ये तुम्हाला पयल्यापासून ठावं व्हतं.”

“व्यापार हाय बाबा. दुष्काळात कुणी विकतं, कुणी घेतं. तू बी त्यातच खातोस की.”

“उद्या मुडदे पडतील.”

“इतकं न्हाई होणार. पोलिसांना सांगून ठेवलंय. दोन-चार डोकी फुटतील, मग मी येईन. नवा जिल्हा झालाय, गौतम. नवी माणसं लागणार. तुझ्यासारख्या हुशार पोराला बी काहीतरी बघू.” मग थोडं पुढं वाकून म्हणाले, “आन् कुणाला सांगशील? गुरप्पानं बैल विकले म्हणून चावडीवर सांगशील? उद्यापासून तुझ्या हातात दावं कोण देईल?”

त्या क्षणी मला कळलं की हा माणूस माझ्यापेक्षा मोठा दलाल आहे. मी जनावरांची दलाली करत होतो, हा भीतीची करत होता. घाबरलेलं मत घासाघीस करत नाही. दोन्ही अंगं घाबरली की दोन्ही अंगं त्याच्याच ओट्यावर येणार होती. मी कप तसाच ठेवला. काहीतरी वाईट बोललो, ते इथं लिहीत नाही, आणि सायकल अशी दामटली की वाटेत चेन दोनदा पडली.

घरी आलो तो पेटलेलाच. “मी देवळाच्या पायरीवर उभा राहून वरडणार. सगळं सांगणार.”

माय माडग्याला फोडणी देत होती. “वरड. अण्णा म्हणतील, माझे बैल पाहुण्याकडं हाईत. चाचा बी त्येच म्हणतील. इज्जतीपायी दोघं बी तुलाच खोटं पाडतील. मग तू बी मार खाशील आन् गाव बी जळंल.”

“मग काय गप बसू?”

“बाजारात काय करतोस? कुणाला ऐकू न जाऊ देता सांगतोस ना एकाचं दुसऱ्याला?” तिनं पळी झटकली. “मग त्येच कर. वरडायला काय, कोंबडा बी वरडतो.”

मी तिला म्हणालो, तू मामाकडं निघून जा, आपलं घर मधोमध आहे, पहिला दगड आपल्याच पत्र्यावर पडेल. ती म्हणाली, “चुलीवर माडगं हाय. त्ये घिऊन कुठं जाऊ?” आणि गेली नाही. आजही कधी कधी वाटतं, ती गेली असती तर मी दुसऱ्या दिवशी ओढ्यात उतरलो असतो का? सांगता येत नाही.

टँकर दुपारी आला. नेहमी बाया पुढं असायच्या, त्या दिवशी गडी पुढं. अलीकडच्या काठावर काठ्या, पलीकडच्या काठावर काठ्या, मधे टँकर. ड्रायव्हर नांदेडकडचा, जाडजूड माणूस, तो परिस्थिती बघून टाकीवर चढून बसला आणि ओरडला, “आधी भरा आन् मग भांडा, न्हाई तर आधी भांडा आन् मग भरा, पण मला मोकळं करा बाबांनो, घरी लेकरं हाईत!” एरवी सगळे हसले असते. कुणी हसलं नाही. अण्णांचा थोरला पोरगा ओरडत होता, “बैल कुठं लपवलेत त्ये सांगा!” आणि पलीकडून तेच, शब्दाला शब्द.

मी आधी अण्णांजवळ गेलो आणि कानाशी म्हणालो, “अण्णा, पलीकडून बोली आलीय.”

“कसली बोली? आत्ता?”

“चाचांची. म्हणतात, रुमालाखाली बोलू.”

अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मग मी ओढा ओलांडून चाचांकडं गेलो. “चाचा, अण्णांकडून बोली आलीय.”

“अण्णांकडून? खरं?”

“हाव. हात मागितलाय.”

कुणीही बोली दिली नव्हती. पण बाजारात असंच करतात. विकणाऱ्याला सांगायचं घेणारा तयार आहे, घेणाऱ्याला सांगायचं विकणारा तयार आहे. पहिलं पाऊल कुणालाच टाकावं लागत नाही. दोघं टँकरच्या सावलीत आले. अण्णांनी हात पुढं केला नाही. मागं सगळं गाव बघत होतं. मी हळूच म्हणालो, “अण्णा, बाभळीखाली दिला व्हता तसाच द्या.” त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी सगळ्यांसमोर बोलून टाकेन, अशी त्यांना भीती वाटली. वाटू दे म्हटलं. त्यांनी हात दिला. चाचांनी दिला. मी खांद्यावरचा रुमाल त्यावर टाकला, माझा हात वरून ठेवला, आणि दोघांनाच ऐकू जाईल असं म्हणालो, “आधी जनावर. ज्याच्या गोठ्यात जितकी, तितकी बोटं.”

काही हललं नाही. माझ्या तळव्याखाली मला दोन मुठी कळत होत्या, घट्ट मिटलेल्या, एकीला दुसरी टेकलेली. दोघांनाही वाटलं, समोरचा सांगायला तयार नाही. चाचांनी अण्णांची मूठ दाबली, उघड म्हणून. अण्णांनी चाचांची दाबली. दोन्ही तशाच. काठावरून कुणीतरी ओरडलं, “काय चाललंय?” मी म्हणालो, “मिटल्या मुठीचा अर्थ तुमा दोघांना ठावं हाय. मी काय सांगू?”

मग चाचांच्या ओठांतून आलं, “लाल्या?”

“गेला,” अण्णा म्हणाले. “तुमचे देवणी?”

“दिवाळीच्या आधीच.”

“सगळे?”

“दावणीला दोरी उरली.”

अण्णा चाचांकडं बघत राहिले. “मग रोज सकाळी तुमच्याकडून घुंगराचा आवाज येतो त्यो?”

“पोराची माय वाजवती. तुमच्याकडं?”

“आमच्या घरची बी.”

आधी चाचांच्या पोटातून काहीतरी आलं, खोकल्यासारखं. मग अण्णांच्या. ती दोन थोर माणसं, मागं दोन फौजा उभ्या आणि रुमालाखाली हात, गदागदा हसायला लागली. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही काठांवरची माणसं बघत राहिली. दात-ओठ खाणाऱ्या पोरांना कळेना की आपण आता काय करायचं. हसणाऱ्या म्हाताऱ्याच्या वतीनं काठी कशी मारणार? एकेक काठी खाली येऊन टेकली.

चाचा हात सोडवायला लागले. मी सोडला नाही. “दलाली?”

अण्णा चमकले. “काय पायजे तुला?”

“आज आमच्या वस्तीच्या घागरी पयल्या. अलीकडच्या बी नंतर, पलीकडच्या बी नंतर.”

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की माझा बाप असता तर लटपटला असता. मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला. रुमालाखाली चाचांनी त्यांचं बोट दाबलेलं मला कळलं. “देऊन टाका अण्णा. झालेला सौदा मोडू नका.”

“झाला,” अण्णा म्हणाले. मी रुमाल ओढला आणि ओरडलो, “झाला!”

“काय झाला?” दोन्ही काठांनी विचारलं.

“सौदा झाला. पाणी भरा!”

कशाचा सौदा, कितीला, हे आजतागायत गावात कुणाला नीट माहीत नाही. कुणी म्हणतं चिंचेच्या झाडाची वाटणी झाली, कुणी म्हणतं मिरवणुकीची वाट ठरली. पण त्या दुपारी आमच्या वस्तीच्या बाया उतारावरून खाली उतरल्या, माय सगळ्यांत पुढं, आणि टँकरच्या नळीखाली पहिली घागर तिची लागली. घागर भरताना तळाशी आधी पोकळ आवाज येतो, मग तो वर चढत बारीक होत जातो. इतकी वर्षं तो आवाज आम्ही दुसऱ्यांच्या घागरींचा ऐकला होता. टाकीवरचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानंच पहिली घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवली.

त्या संध्याकाळी मायनं पाण्याची कंजुषी केली नाही. माडगं नाही, तुरीचं घट्ट वरण आणि भाकरी. मी किती खाल्लं आठवत नाही, पण ती वाढत राहिली. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी भांडी घासण्याचे, पोरांना हाका मारण्याचे आवाज येत होते, रोजचेच. मी कधीही इतका हलका झालो नव्हतो. पुढं आयुष्यात मी घर बांधलं, लातूरला सरकी-पेंडीचं दुकान टाकलं, पोरी शिकल्या. पण छातीवरून दगड उतरतो म्हणजे काय, ते मला त्या वरणाच्या वासातच कळलं.

तात्यासाहेब उन्हं कलल्यावर आले होते, ठरल्याप्रमाणे, जीप आणि मागं पोलिसांची गाडी. फुटलेली डोकी मोजायला आलेल्या माणसाला पाणी वाहून नेणाऱ्या बाया दिसल्या. मला त्यांचा चेहरा बघायला मिळाला, तेवढी माझी कमाई. पण ते कच्चे नव्हते. एका क्षणात सावरले, टँकरच्या पायरीवर चढले आणि म्हणाले, “मी दोन्ही बाजूंना शब्द टाकला होता, तो तुम्ही ठेवलात.” टाळ्या पडल्या. अण्णांनी वाजवल्या, चाचांनी वाजवल्या. तालुक्याच्या पेपरात त्यांचं नाव आलं. निवडणुकीत गावानं दोन्ही अंगांनी त्यांना मतं दिली आणि नव्या जिल्ह्यात त्यांना खुर्ची मिळाली.

पाऊस पडला तेव्हा नागू हेडी तीच जनावरं घेऊन गावात आला आणि घेतली त्याच्या दुप्पट भावानं विकून गेला. अण्णांनी लाल्याला परत घेतलं. त्या दिवशी मी दोघांनाही सांगितलं की बैल कुणाच्या गोठ्यात होते आणि तात्यासाहेब माझ्याशी काय बोलले. अण्णा लाल्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “गौतम, ह्ये चावडीवर आलं तर मी बैल विकले व्हते त्ये बी येईल.” चाचा म्हणाले, “जाऊ दे बेटा. माणसं वाचली.” इज्जतीनं आधी गाव पेटवायला घेतलं होतं आणि आता तिनंच पेटवणाऱ्याला झाकून टाकलं. मी दलाल. दोन्ही बाजू नको म्हणतात तेव्हा दलाल बोलत नाही.

आता अण्णा नाहीत, चाचाही नाहीत. माझ्यावरचं त्यांचं बंधन सुटलं. त्यांची पोरं हे वाचून रागावतील. रागावू द्या, त्यांच्या बापांच्या हसण्यामुळं ती जिवंत आहेत. पण तात्यासाहेब आहेत. थकलेत, पण आहेत. मागच्या उन्हाळ्यात लातूरला त्यांचा सत्कार झाला. शाल, फुलं, आणि भाषणात एकानं सांगितलं की दुष्काळात दोन समाजांचा संघर्ष त्यांनी एकट्यानं टाळला. मी मागच्या रांगेत होतो. उभा राहिलो. एका पोरानं माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाला, “आजोबा, बसा, प्रश्नांचा कार्यक्रम नाही.” मी बसलो, आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं.

तर तात्यासाहेब, हा प्रश्नांचा कार्यक्रम आहे. मला तुमची खुर्ची नको, बैलांचा नफाही नको. दोन्ही अंगांचे गोठे का रिकामे झाले हे माझ्याशिवाय तुम्हाला माहीत होतं, आणि तुमच्यावर कुणाची शपथ नव्हती. एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. तुम्ही पोलिसांना सांगून ठेवलंत, जीपमध्ये डिझेल भरून ठेवलंत, आणि वाट बघत बसलात. दोन-चार डोकी म्हणालात. ती कुणाची धरली होती? अण्णांच्या पोराचं होतं का त्यात? मधोमध घर होतं त्या माझ्या मायचं होतं का? नावं घ्या. शाल पांघरून घ्या हवी तर, पण गावात या, दोन्ही अंगांची माणसं बोलावतो, आणि त्यांच्यासमोर नावं घ्या.